पॉइंट टू-टूचे पिस्तूल : घेताना, बाळगताना, सुधारताना

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक पटकावले आणि २०१८ मध्ये जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात पुन्हा सुवर्णवेध घेतला. त्याआधी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकाराचे वैयक्तिक सुवर्ण अनिसा सय्यदने मिळवले होते. महाराष्ट्राला नेमबाजीचे वेड लागले ते अशा यशांमुळे. पुण्यातील बालेवाडी असो वा मुंबईतील वरळी, रेंजवर येणाऱ्या मुलामुलींची सुरुवात बहुधा एअर पिस्तुलाने होते. एक-दोन वर्षांत गुण वाढू लागले, की पालकांसमोर पुढचा प्रश्न येतो : आता स्वतःचे पॉइंट टू-टूचे पिस्तूल घ्यावे काय? घेतले, तर त्यात कोणत्या सुधारणा कराव्यात? प्रश्न पैशांचा आहे, त्याहून अधिक जबाबदारीचा आणि कायद्याचा आहे. म्हणूनच या शस्त्राची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसातील दारू पेटवणारे स्फोटक द्रव्य मोठ्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत बसवलेले असते. रिमफायर काडतुसात मात्र ते बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते. पिस्तुलाची फायरिंग पिन त्या कडेवर आदळली, की घडी चेपते आणि ठिणगी पडते. 'पॉइंट टू-टू लाँग रायफल' हे आजचे सर्वपरिचित काडतूस १८८७ साली अमेरिकेत अवतरले. नाव 'रायफल'चे असले तरी स्पर्धेच्या पिस्तुलातही तेच वापरतात. त्याची शिशाची गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची असते. धक्का कमी, आवाज बेताचा आणि अचूकता उत्तम, या गुणांमुळे लक्ष्यवेधासाठी ते रूढ झाले. तथापि ही गोळी खेळण्यातली नव्हे. मोकळ्या जागी ती एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते आणि जवळून प्राणघातक ठरते, हे कधीही विसरता कामा नये.

स्पर्धा काय मागते?

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात प्राथमिक फेरी ६० गोळ्यांची असते. पहिल्या ३० गोळ्या सावकाश, प्रत्येक पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटे या हिशेबाने. या टप्प्यातील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. पुढच्या ३० गोळ्यांत लक्ष्य प्रत्येक वेळी केवळ तीन सेकंद उपलब्ध असते आणि मध्ये सात सेकंदांचा अवकाश मिळतो. खाली धरलेला हात उचलून, नेम जुळवून एकच गोळी झाडायची. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात तर पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा व अखेर चार सेकंदांत झाडाव्या लागतात. विजयकुमारने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

आंतरराष्ट्रीय नियमांनी या पिस्तुलाला स्पष्ट चौकट घातली आहे. वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम असावा. पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर २२० मिलिमीटरच्या आत असावे. संपूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. दुर्बीण वा लाल ठिपक्याची ऑप्टिकल साइट चालत नाही. सुधारणेचा कोणताही विचार या चौकटीतच करावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेत रिमफायर पिस्तूल ही घरोघरी आढळणारी वस्तू आहे. रुगर कंपनीचे १९४९ साली आलेले पिस्तूल आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या यांभोवती सुट्या भागांची मोठी बाजारपेठच उभी राहिली. तेथील 'बुल्सआय' स्पर्धांत लाल ठिपक्याची साइट सर्रास वापरली जाते. त्या देशातील सल्ले वाचून आपल्याकडे खरेदी करणाऱ्याची फसगत होते. तिकडे जो भाग गुण वाढवतो, तो इकडे स्पर्धेतून बाद करू शकतो. शिवाय तिकडे टपालाने येणारा भाग इकडे परवान्याच्या कक्षेत येऊ शकतो.

आधी परवाना, मग पिस्तूल

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पॉइंट टू-टूचे पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे. परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा ठरतो. परवाना पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात आयुक्तांकडून आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. परवान्यासाठी सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान मुलांना नियमांनी घातलेल्या अटींवर, देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. नेमबाजांसाठी मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२० मध्ये शस्त्रे व काडतुसे यांबाबत स्वतंत्र, अधिक सवलतीच्या मर्यादा ठरवून दिल्या. त्यांचा लाभ खेळाडूच्या दर्जावर अवलंबून असतो. म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि संघटनेच्या सभासदत्वाची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत.

बहुतेक दर्जेदार पिस्तुले परदेशी असल्याने जुन्या शस्त्राचा व्यवहार हा अनेकांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो. परवानाधारकाने दुसऱ्या पात्र व्यक्तीला अग्निशस्त्र विकायचे असल्यास त्याने जिल्हा दंडाधिकारी वा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. 'आधी पिस्तूल घेऊन जा, कागद नंतर करू' असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

जुने पिस्तूल पाहताना

स्पर्धेच्या पिस्तुलांत दोन ढब दिसतात. हॅमर्ली २०८ सारख्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत असते. १९६८ साली आलेल्या वॉल्थर जीएसपीमध्ये, तसेच पार्डिनी एसपीमध्ये ते ट्रिगरच्या पुढे असते. दुसऱ्या रचनेत वजन पुढे सरकते आणि मुठीला हवा तसा आकार देता येतो. बॅरल हाताच्या जितकी जवळ, तितकी गोळी सुटल्यावर नळी कमी उडते. तीन सेकंदांच्या खेळात याला मोल आहे.

जुने पिस्तूल हाती आले, की त्यावरील क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा. चेंबरच्या तोंडाशी पिनेच्या माराने पडलेला खळगा आहे का, बोल्टला वा फ्रेमला तडा गेला आहे का, मॅगझिनचे ओठ वाकले आहेत का, हे भिंगाने तपासावे. ट्रिगरचा दाब वजन लावून मोजावा. शेवटी प्रशिक्षकाच्या उपस्थितीत टेकूवर ठेवून किमान ५० गोळ्या झाडाव्यात. काडतूस अडकणे वारंवार घडत असेल, तर किमतीतील सवलतीला भुलू नये. सुटे भाग आज मिळतात का, ही चौकशीही आधीच करावी. उत्तम पण बंद पडलेल्या मॉडेलची एक साधी स्प्रिंग न मिळाल्याने सारा हंगाम वाया जाऊ शकतो.

सुधारणा : कोणत्या, कोणत्या क्रमाने?

पहिला मान ग्रिपचा. पिस्तूल दर वेळी हातात एकाच जागी बसले पाहिजे. अक्रोडाच्या लाकडाची, हाताच्या मापाची ग्रिप घ्यावी. जेथे पोकळी जाणवते तेथे लाकडाची लुकण भरावी, जेथे टोचते तेथे पॉलिश पेपरने घासावे. एका वेळी थोडेच घासावे आणि आठवडाभर सराव करून मगच पुढे जावे. डोळे मिटून हात उचलावा व डोळे उघडावेत. साइट आपोआप सरळ दिसत असतील, तर ग्रिप जमली. मात्र ग्रिपने मनगटाला आधार मिळता कामा नये. तसे झाल्यास शस्त्र तपासणीत ती नाकारली जाते.

दुसरा मान ट्रिगरचा. स्पर्धेच्या पिस्तुलात तो बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा, दुसऱ्यावर बोट थबकते आणि मग गोळी सुटते. एकूण दाब बरोबर १००० ग्रॅमवर ठेवण्याचा मोह टाळावा. झिजेमुळे व तापमानामुळे तो किंचित घसरला, तरी तपासणीत वजन उचलले जात नाही. २० ते ५० ग्रॅमची मोकळीक ठेवणे शहाणपणाचे. बाहेरून दिलेल्या स्क्रूंनी समायोजन करावे. आतील भाग घासण्याचे काम घरी कदापि करू नये. चुकीच्या घासणीने पिस्तूल आपोआप सुटू शकते.

तिसरा मान साइटचा. मागची खाच आणि पुढची पट्टी यांची रुंदी आपल्या डोळ्याला व हाताच्या लांबीला जुळावी. दोन्ही बाजूंना प्रकाशाची स्पष्ट फट दिसावी. येथे साधे गणित उपयोगी पडते. साइटमधील अंतर २२० मिलिमीटर असता, त्या एकमेकींपासून एक दशांश मिलिमीटर सरकल्या, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ मिलिमीटर सरकते. म्हणजे चौथाई मिलिमीटरच्या चुकीने मध्यावरची गोळी दहाच्या वर्तुळाच्या कडेवर जाते. यावरून ध्यानात यावे, की महागड्या बॅरलपेक्षा स्पष्ट साइट आणि स्थिर ग्रिप अधिक गुण देतात. चांगल्या पिस्तुलाची बॅरल बहुतेक नेमबाजांच्या हातापेक्षा अचूक असतेच.

चौथा मान वजनाचा. बॅरलखाली छोटी वजने लावल्याने नळी कमी उडते. परंतु वेगवान फेरीत हात लवकर थकतो. वजन भरून १४०० ग्रॅमची मर्यादा पाळली जाते ना, हे पाहावे.

पाचवी बाब काडतुसांची. स्पर्धेची पिस्तुले 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' काडतुसांसाठी घडवलेली असतात. त्यांची गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते. अधिक वेगाच्या काडतुसांनी बोल्ट व स्प्रिंगवर अकारण ताण येतो. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या बॅचही निरनिराळ्या वागतात. दोन-तीन प्रकार टेकूवरून तपासून जो जमेल त्याचा साठा, परवान्यातील मर्यादेत राहून, करावा.

बॅरल बदलणे वा पॉइंट थर्टी-टूचा संच बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही येतात आणि दुरुस्ती वा रूपांतराचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. परवान्यावरील नोंदीशी न जुळणारी बॅरल ही सुधारणा नव्हे, तो गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो.

निगा आणि सुरक्षितता

रिमफायर काडतुसांवर मेणासारखा लेप असतो. दारूची काजळी आणि शिसे त्यात मिसळून चेंबर, एक्स्ट्रॅक्टर व मॅगझिनमध्ये साचते. काडतूस अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. सरावानंतर हे भाग पुसावेत, तेलाचा थेंबच पुरे. बॅरलमध्ये दांडी शक्यतो मागच्या बाजूने घालावी. नळीचे तोंड खरवडले, की अचूकता गेली. कोरडा सराव रिमफायर पिस्तुलात जपून करावा. चेंबर रिकामे असता पिन थेट त्याच्या कडेवर आदळू शकते. निर्मात्याने कोरड्या सरावाची सोय दिली असेल तीच वापरावी. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये, कारण शिशाचे कण शरीराला अपायकारक असतात.

घरी पिस्तूल कुलूपबंद लोखंडी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली घरातील मुलांना, पाहुण्यांना वा नोकरांना सापडेल अशी नसावी. घरात कुणी तीव्र नैराश्यात असेल, तर पिस्तूल घरात न ठेवता कायदेशीर मार्गाने अन्यत्र जमा करावे. रेंजवर पिस्तूल हातात नसताना चेंबरमध्ये नारिंगी सुरक्षा-दोरी असावी. शस्त्र हरवले वा चोरीस गेले, तर पोलीस ठाण्यात तत्काळ तक्रार नोंदवावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. राष्ट्रीय संघटनेचे सभासद असून स्पर्धांत भाग घेणाऱ्या नेमबाजांसाठी सवलतीची तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज वेळीच करावा, अन्यथा ऐन स्पर्धेत पिस्तूल पोलीस ठाण्यात राहायचे.

घ्यावे की थांबावे?

ज्या खेळाडूचे गुण क्लबच्या पिस्तुलावर अजून मोठ्या फरकाने वरखाली होतात, त्याने थांबावे. स्वतःचे पिस्तूल ही उणीव भरून काढत नाही. गुण स्थिरावले, प्रशिक्षकाने सांगितले आणि क्लबचे शस्त्र पुरेसा वेळ मिळेनासे झाले, की खरेदीचा विचार करावा. तेव्हाही किमतीबरोबर काडतुसे, रेंजचे शुल्क, सुटे भाग आणि परवान्याचे नूतनीकरण यांचा वर्षाचा हिशेब आधी मांडावा. पिस्तूल एकदाच घ्यायचे असते. काडतुसे दर महिन्याला लागतात. खर्चाला मर्यादा असेल, तर महागड्या सुट्या भागापेक्षा काडतुसांची आणखी एक पेटी नेमबाजाच्या अधिक कामी येते.