डिझेल गाडी सुरू होत नाही? इंधनाचा दोष घरी कसा ओळखावा

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ४४) आहे. तिथे मिस्त्री मिळतो. पण कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टर किंवा पिकअप शेतात अडून बसली, की मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो. आल्यावर ‘पंप गेला’ किंवा ‘नोझल गेले’ असे निदान झाले, तर खर्च हजारांत जातो. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा पंपाच्या अलीकडे असतो: पाइपमध्ये हवा, डिझेलमध्ये पाणी किंवा तुंबलेला फिल्टर. या तिन्ही गोष्टी घरी तपासता येतात.

डिझेलचा प्रवास टाकी, फिल्टर, पंप आणि नोझल असा होतो. टाकीपासून पंपापर्यंत दाब कमी असतो, पंपापासून पुढे तो प्रचंड वाढतो. घरच्या तपासणीची हद्द पंपापाशी संपते.

आधी धूर पाहा

सेल्फ जोरात फिरतो का? मंद फिरत असेल तर आधी बॅटरी पाहा. जुन्या ट्रॅक्टरवर इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला आहे का, तेही बघा. हसू येईल, पण यासाठी मिस्त्री बोलावल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मग एकाला सेल्फ मारायला सांगून सायलेन्सरकडे पाहा. एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थोडे थांबा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल इंजिनात पोहोचतच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोहोचते आणि जळत नाही. तेव्हा हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग यांचा संशय घ्यावा. हवेच्या नळीपाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची युक्ती करू नका. हीटर प्लग असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊ शकतो.

हवा: न दिसणारी गळती

सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होते, मिनिटभरात बंद पडते आणि हातपंप मारला की पुन्हा चालते. हे हवा घेतल्याचे लक्षण आहे. जीप-पिकअपसारख्या गाड्यांत टाकी खाली असते आणि डिझेल वर ओढले जाते. अशा पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते, म्हणून ओल शोधून काही सापडत नाही. ट्रॅक्टरची टाकी बहुधा वर असते. तिथे मात्र गळती ओली दिसते.

फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी डिझेलला चालणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावा. इंजिन चालू असताना बुडबुडे सतत येत राहिले, तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे. रबरी पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर, फिल्टरचे सील या क्रमाने पाहा. फिल्टर बदलल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर सुरुवात सीलपासूनच करा. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत आणखी एक खात्रीची चाचणी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून त्याची नळी थेट पंपाला जोडा आणि हवा काढा. गाडी नीट चालली, तर दोष टाकी ते पंप यांच्यामध्येच आहे.

पाणी आणि कचरा

शेतावर डिझेल कॅनमधून जाते आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला की ते पाणी. तेच डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात पाहा. चंदेरी चमक दिसली तर तो धातूचा चुरा, म्हणजे पंप आतून झिजतो आहे. तेव्हा गाडी चालवू नका, तो चुरा नोझलपर्यंत जाईल.

जागेवर छान चालणारी गाडी ट्रॉली ओढताना किंवा चढावर दम तोडत असेल, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. त्याआधी टाकीचे झाकण सैल करून बघा. सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

इथे हात लावू नका

जुन्या इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिस होतो ते ओळखत. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नका. तिथला दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त असू शकतो. केसाएवढी धारही कातडी भेदून आत जाते. जखम टोचल्यासारखी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. या गाड्यांत स्कॅनर लावून कोड वाचावा. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. तुंबलेल्या फिल्टरनेही तो येतो, म्हणून एवढ्यावरून पंप बदलू नये. नोझल बदलायचे ठरलेच, तर आधी प्रत्येक नोझलमधून परत येणारे डिझेल मोजायला मिस्त्रीला सांगा. ज्यातून इतरांपेक्षा खूप जास्त येते, तेवढेच बहुधा झिजलेले असते.