धूळपाटी ते टॅब्लेट : पाच वर्षांच्या लेकीसाठी एक खरेदी

आमच्या धाकट्या लेकीचा पाचवा वाढदिवस महिन्यावर आला होता, तेव्हा सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, यंदा तिला माझ्याकडून टॅब घे. पैसे मी पाठवते."

मी उडालोच! माझी आई म्हणजे तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. आमच्या लहानपणी सगळ्या गल्लीत टीव्ही आले, तरी आमच्या घरी आला नव्हता तो हिच्याच हट्टापायी. मी म्हटले, "आई, तू आणि टॅब? तू तर पाटी-पेन्सिल म्हणायला हवंस."

"पाटी घेऊन मी इथे सांगलीत बसू आणि ती तिथे लंडनला, मग शिकवू कशी? पाच वर्षांची झाली, अजून 'ग' सुद्धा येत नाही तिला," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आमच्या घरात मात्र या विषयावर जुनी जखम होती. थोरला मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही हौसेने त्याला टॅब्लेट आणले होते. सहा महिन्यांत जेवणाच्या टेबलावर रडारड सुरू झाली आणि एका महिन्याच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात चौसष्ट पौंडांची 'रत्ने' निघाली. कुठल्याशा खेळात चिरंजीवांनी ती बोटाच्या टोकाने विकत घेतली होती. ते टॅब्लेट कपाटात गेले ते गेलेच. त्यामुळे आईचा निरोप ऐकताच बायको म्हणाली, "पुन्हा नको."

दोघींच्या मध्ये मी. पोटापाण्याचा धंदा आयटी कन्सल्टंटचा. नवी सिस्टिम बसवण्याआधी जुनी कशी चालत होती ते बघावे, असे मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. म्हटले, तोच नियम घरी लावू. पाटीचा इतिहास वाचायला बसलो आणि त्यात चांगलाच गुंतलो. त्यातले काही या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो.

मातीची, मेणाची, धुळीची

'टॅब्लेट' हा शब्द मुळात लॅटिन 'टॅब्युला' म्हणजे फळी या शब्दाचा नातू. रोमन मुले लाकडी फळीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार काडीने लिहीत. काडीचे दुसरे टोक चपटे असे, त्याने मेण सारखे केले की पाटी कोरी! त्याही आधी, इ.स. पूर्व अठराव्या शतकात, आजच्या इराकमधल्या निप्पूर गावी मुले ओल्या मातीच्या पाटीवर लिहायला शिकत होती. तिथल्या एका लहानशा घरात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या उत्खननात अशा पाट्यांचे सुमारे चौदाशे तुकडे निघाले. त्या काळच्या अशा पाट्यांवर गुरुजींचा कित्ता आणि त्याच्याजवळच शिष्याचे वाकडेतिकडे अक्षर दिसते. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे ते वाकडे अक्षर पाहून मला आमच्या लेकीची वही आठवली.

आपल्याकडे होती धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि काडीने किंवा बोटाने अक्षर गिरवायचे. चुकले की फळी हलवायची. पंतोजींच्या शाळेत ओनामा व्हायचा तो याच धुळीत. 'धुळाक्षरे' हा शब्द तिथलाच.

मद्रासहून लंडनला

पुढची गोष्ट वाचून तर मी चकितच झालो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचे अँड्र्यू बेल नावाचे पाद्री १७८७ साली मद्रासला आले. एग्मोर इथल्या मुलांच्या अनाथाश्रमाची व्यवस्था १७८९ पासून त्यांच्याकडे होती. युरोपियन सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी तो काढलेला होता. शिक्षक थोडे, मुले पुष्कळ आणि प्रगती जवळजवळ नाही. एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलसाहेबांना एक मलबारी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. साहेबांनी परत येऊन आपल्या शिक्षकांना हाच प्रकार करायला सांगितला. शिक्षकांनी नाके मुरडली. तेव्हा साहेबांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या एका मुलालाच खालच्या वर्गावर नेमले आणि त्याने तो वर्ग उत्तम चालवून दाखवला!

बेल १७९६ साली मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा अहवाल छापला. वाळूत लिहायचे आणि पुढच्या मुलाने मागच्याला शिकवायचे, या पद्धतीला इंग्लंडमध्ये 'मद्रास पद्धत' असेच नाव पडले. त्याच सुमारास, १७९८ साली, जोसेफ लँकॅस्टर या तरुणाने लंडनच्या सदर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली. तिथेही लहान मुले वाळूच्या पेटीत अक्षरे गिरवत आणि त्यापुढची दगडी पाटीवर. कागद आणि शाई महाग, आणि एका मास्तरापुढे शेकडो मुले. अशा वेळी पुसून पुन्हा वापरता येणारी दगडी पाटी म्हणजे वरदानच. वेल्सच्या डोंगरातला पाटीचा दगड तर जगभर गेला. त्या खाणींच्या परिसराला २०२१ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. अँड्र्यू बेल यांना १८३२ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा मिळाली. त्यांच्या पैशांतून सेंट अँड्र्यूजला उभ्या राहिलेल्या शाळेचे नाव आजही 'मद्रास कॉलेज' असे आहे.

म्हणजे मंडळी, ज्या देशात आपण मुलांच्या शिक्षणासाठी घरे बदलतो, त्या देशातल्या गोरगरिबांच्या शाळांची घडी बसवण्यात आपल्याकडच्या वाळूतल्या अक्षरांचाही वाटा आहे! मात्र मला यात अभिमानाच्या गोष्टीपेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटले. शिक्षकांकडे वाळू होतीच. मुले शिकू लागली ती आठ वर्षांचा फ्रिस्किन शेजारी येऊन बसल्यावर.

पुठ्ठ्याचा संगणक

आता उडी थेट विसाव्या शतकात. सेमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयर्झाइग यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. मुलांनी हुकूम द्यायचा आणि 'कासवा'ने चालत चित्र काढायचे. हा उद्योग १९६८ साली ॲलन के नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने पाहिला आणि त्याच्या डोक्यात मुलांच्या संगणकाचे खूळ शिरले. त्याने चक्क पुठ्ठ्याचे मॉडेल बनवले. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करताना १९७२ साली त्याने त्यावर निबंध लिहिला आणि यंत्राला नाव दिले 'डायनाबुक'. वहीएवढा आकार, चार पौंडांहून कमी वजन, किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. निबंधाची सुरुवातच दोन नऊ वर्षांच्या मुलांच्या गोष्टीने होते. ती अवकाशयुद्धाचा खेळ नुसता खेळत नाहीत. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्या खेळात कसे आणता येईल, याच्या मागे लागतात.

डायनाबुक कधी बाजारात आले नाही. आयपॅड आला ३ एप्रिल २०१० रोजी. दिसायला अगदी तसाच. पण त्याच महिन्यात एक छोटी घटना घडली. मुलांनी 'स्क्रॅच' या भाषेत केलेले खेळ दाखवणारे एक ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकले. के यांच्या यंत्रावर मुले खेळ तयार करणार होती, या नव्या यंत्रावर ती मुख्यतः दुसऱ्याने केलेले खेळ खेळणार होती. पुढे चित्र पालटले. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचे 'स्क्रॅच ज्युनियर' २०१४ साली याच आयपॅडवर आले. मात्र त्याच वर्षी जानेवारीत, मुलांनी पालकांना न विचारता केलेल्या ॲपमधल्या खरेदीपोटी ॲपलला अमेरिकेत किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करायचे कबूल करावे लागले. आमच्या चौसष्ट पौंडांना एवढी मोठी सोबत होती, हे कळून जरा बरे वाटले!

खैराट आणि 'आकाश'

गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, ही निकोलस निग्रोपाँटे यांची घोषणा २००५ सालची. भारत सरकारने २००६ साली तिला नकार दिला. तरी २००७ साली त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत. यंत्राची किंमत शंभर डॉलर कधी झाली नाही, जवळजवळ दुप्पट राहिली. पेरू देशाने ते लाखोंच्या संख्येने घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या सर्वसाधारण विचारशक्तीत थोडी वाढ दिसली, पण गणितात आणि भाषेत काही फरक आढळला नाही.

आपले 'आकाश' टॅब्लेटही आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या थाटात त्याचे अनावरण झाले. सरकारी खरेदीची किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. पहिल्या आवृत्तीचा पडदा इतका मठ्ठ, की बोटाने दाबून दाबून कंटाळा यावा. पुढे पवईच्या आयआयटीने त्यात लक्ष घातले, २०१२ साली दुसरी आवृत्ती आली, पण घरोघरी आकाश काही पोचले नाही.

धूळपाटीपासून आकाशपर्यंत मला एकच प्रकार दिसला. प्रत्येक वेळी यंत्र स्वस्त करण्यावर जोर आणि शेजारी कोण बसणार याचा विचार नंतर. कागदावर ही यंत्रे मास्तरांची जागा घेतात, प्रत्यक्षात ती मास्तरांना लागणारे सामान असतात. इथे मला आईचा फोन पुन्हा आठवला. तिने टॅब मागितला होता तो नातीला गुंतवून ठेवायला नव्हे. तिला स्वतःला नातीच्या शेजारी बसायचे होते.

मग घेतले काय?

बायकोपुढे मी हा सगळा इतिहास मांडला. ती म्हणाली, "ठीक आहे, पण नियम मी करणार." ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये पालकांसाठी सूचना काढल्या, त्यात तासांची मर्यादा नाही, प्रश्न आहेत. पडदा आपल्या ताब्यात आहे का? झोपेच्या आड येतो का? घरच्यांनी मिळून करायच्या गोष्टींच्या आड येतो का? झोपण्याआधी तासभर तो बंद असावा, असेही त्या सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पाहायला दिवसाला एका तासाहून जास्त वेळ देऊ नये, असे म्हटले. बायकोने दोन्हींवरून आमची नियमावली केली आणि फ्रिजवर लावली.

यंत्र निवडताना मी धंद्यातले चार प्रश्न विचारले. आपल्यापैकी कोणी याच विचारात असेल तर उपयोगी पडावेत.

पहिला, सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार? रंगीबेरंगी 'मुलांचे टॅब्लेट' स्वस्त दिसते, पण अपडेट लवकर बंद झाले तर ते फार दिवस कामाचे राहत नाही. दुसरा, मुलाची माहिती जाते कुठे? मुलांची खेळणी बनवणाऱ्या व्हीटेक कंपनीच्या संगणकांतून २०१५ साली सुमारे ६४ लाख मुलांची माहिती चोरीला गेली होती. म्हणून आम्ही लेकीचे खरे नाव आणि जन्मतारीख कुठेही दिली नाही. तिसरा, खरेदीला कुलूप आहे का? चौथा, तीन फूट उंचीवरून पडले तर काय? जाड रबरी कव्हर, मागे उभे करायची दांडी असलेले, हे सर्वांत आधी घ्या.

शेवटी साधेच, मोठ्यांचे, मागच्या वर्षीचे मॉडेल घेतले. त्यात तीनच गोष्टी ठेवल्या : चित्र काढायचे ॲप, स्क्रॅच ज्युनियर आणि आजीचा व्हिडिओ कॉल.

त्याशिवाय आणखी एक खरेदी झाली. काचेवर बोट फिरवून पेन्सिल धरायची सवय लागत नाही, असे आईचे म्हणणे. म्हणून पुण्याहून येणाऱ्या मित्राने बॅगेतून लाकडी चौकटीची दगडी पाटी आणली. प्रवासात एक कोपरा उडाला. लेकीने पहिल्याच दिवशी पेन्सिल चावून पाहिली. हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता रोज संध्याकाळी साडेचारला शाळेतून आल्यावर वर्ग भरतो. सांगलीत तेव्हा रात्रीचे नऊ, इथली घड्याळे हिवाळ्यासाठी मागे गेली की दहा. आई चष्मा लावून बसते. पहिल्या आठवड्यात मोठी भांडणे झाली. पाटी कॅमेऱ्यापुढे धरली की लेकीला आपले अक्षर पडद्यावर उलटे दिसे आणि ती पुसून टाके. आईला कळेना, बरोबर आलेले अक्षर ही पोर पुसते कशाला. शेवटी थोरला, वय वर्षे दहा, मध्ये पडला. "अगं, ते फक्त तुला उलटं दिसतंय. आजीला सरळच दिसतं."

तेव्हापासून तोही शेजारी बसतो. बहिणीचा 'ण' सुधारताना त्याला स्वतःला 'ण' येत नाही असे लक्षात आले, म्हणून आता आजीने त्यालाही पाटीवर घेतले आहे. मी त्याला फ्रिस्किन म्हणतो. का, ते त्याला अजून सांगितलेले नाही.

दसऱ्याला पाटीपूजन केले. एकाचे आकडे मांडून लेकीने पाटीवर सरस्वती काढली. दोन एक जरा आडवे झाले. आईने पडद्यावरून नीट पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. पुसू नकोस आज."