दक्षिण आफ्रिकेची ‘घरगुती बाब’

हक्क कागदावर उमटणे आणि तो पदरात पडणे यांतील अंतर ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण अवश्य अभ्यासावे. जून १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सनद सिद्ध झाली. तिच्या उपोद्घातात मूलभूत मानवी हक्कांचा उच्चार आहे. आणि त्या उपोद्घाताच्या रचनेत ज्यांचा मोठा हात, ते जनरल स्मट्स दक्षिण आफ्रिकेचेच पंतप्रधान! पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा केला. लोक त्यास ‘घेटो कायदा’ म्हणत. १३ जून १९४६ रोजी डर्बन येथे सत्याग्रह सुरू झाला व पुढे सुमारे दोन हजार स्त्रीपुरुषांनी तुरुंगवास पत्करला.

२२ जून रोजी हिंदुस्थान सरकारने राष्ट्रसंघाकडे तक्रार गुदरली. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो, हे विशेष. शिष्टमंडळाच्या नेत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित (१९६२ साली त्या आपल्या राज्याच्या राज्यपाल झाल्या). मुंबईचे छागलाही त्यात होते. स्मट्स यांचा मुख्य बचाव असा, की ही आमची घरगुती बाब आहे, इतरांस तीत बोलण्याचा अधिकार नाही. तथापि ८ डिसेंबर रोजी आमसभेने हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत केला.

येथे ज्ञातिबांधवांची क्षमा मागून एक गोष्ट लिहितो. आमच्या वडीलधाऱ्यांनी हे वृत्त अभिमानानेच वाचले असेल. परंतु त्यांच्याच ओटीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीत पाणी उंचावरून ओतले जाई, हे आम्ही लहानपणी, संविधानाचे १७ वे कलम येऊन दहापंधरा वर्षे लोटल्यावरही, डोळ्यांनी पाहिले आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याविषयी हायकोर्टाचा निकाल लागण्यास १९३७ उजाडले. आपल्याकडेही ती घरगुती बाबच समजली जात होती.

ठराव झाला, अंमल मात्र नाही. हक्कांच्या अंमलबजावणीचा विचार करण्यासाठी डिसेंबर १९४७ मध्ये जिनीव्हा येथे जो गट बसला, त्याच्या अध्यक्षा आपल्या श्रीमती हंसा मेहता होत्या. पण १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ मतांनी संमत झाला, तो अंमलबजावणीच्या यंत्रणेवाचूनच. तटस्थ राहिलेल्या आठ राष्ट्रांत दक्षिण आफ्रिका होती. शस्त्रास्त्रविक्रीवर बंधनकारक बंदी आली ती १९७७ मध्ये. एप्रिल १९९४ मध्ये तेथील सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एका रांगेत उभे राहून मतदान केले. तक्रार गुदरल्यास तेव्हा ४८ वर्षे होत आली होती.