भट्टीचा घाम

एप्रिलात रत्नागिरीत काजूची बोंडं झाडाखाली कुजत पडली, की कुणीतरी म्हणतंच, ‘गोव्यात याचा हुर्राक झाला असता!’ हुर्राक म्हणजे बोंडांच्या रसाची गाळलेली दारू, आणि हा शब्द मूळचा अरबी. ‘अरक’ म्हणजे घाम. वाफ निवून नळीतून थेंब टपकतात, तो भट्टीचा घाम. बेल्जियमच्या रॉशफोर मठातली बिअर ११.३ टक्क्यांपर्यंत कडक, पण ती नुसती आंबवलेली. तिला घाम फुटत नाही. हुर्राक पहिल्या धारेचा, पुन्हा गाळला की फेणी. मराठीत तोच अरक ‘अर्क’ झाला. संस्कृतातला अर्क म्हणजे सूर्य, तो वेगळा. आज ओव्याचा अर्क पोटदुखीवर चालतो, आणि गावातल्या बेरक्या माणसाबद्दल म्हणतात, ‘तो ना, अर्क आहे नुसता!’