ग्रीन कार्ड आणि डॉक्टरांचा सीलबंद लिफाफा

अमेरिकेत कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना, अर्थात ग्रीन कार्ड मिळविण्यासाठी जी कागदपत्रे जोडावी लागतात, त्यांतील एक कागद अर्जदाराला स्वतःलाही उघडून पाहण्याची मुभा नसते. वैद्यकीय तपासणीचा ‘आय-६९३’ हा अहवाल डॉक्टर लिफाफ्यात घालून सीलबंद करतात आणि अर्जदाराने तो तसाच अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे पाठवावयाचा असतो. लिफाफा फोडलेला दिसल्यास अहवाल ग्राह्य धरला जात नाही. नोकरीनिमित्त तेथे जाऊन दहा-बारा वर्षे रांगेत काढलेल्या भारतीयांना ही तपासणी किरकोळ सोपस्कार वाटते. तथापि, गेल्या काही वर्षांत याच कागदाचे नियम इतक्या वेळा बदलले, की जुन्या मित्राच्या अनुभवावर विसंबणे महागात पडू शकते.

अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांची तपासणी ‘सिव्हिल सर्जन’ करतात. हे नाव ऐकताच महाराष्ट्रातील वाचकाला जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख आठवतील. तेथील सिव्हिल सर्जन मात्र बहुतांशी खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर असतो. तो शल्यविशारद असलाच पाहिजे असेही नाही. स्थलांतर विभागाने त्याला या कामापुरते नियुक्त केलेले असते. त्यामुळे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे अशी नियुक्ती नसेल, तर त्यांचा दाखला चालत नाही. शुल्कावर सरकारचे नियंत्रण नसल्याने दोन-तीन दवाखान्यांत चौकशी केलेली बरी.

भारतीयांच्या मनात सर्वाधिक धास्ती असते ती क्षयरोगाच्या चाचणीची. लहानपणी दंडावर टोचलेल्या बीसीजी लशीमुळे त्वचेवरील जुनी चाचणी निरोगी माणसातही सकारात्मक येऊ शकत असे. ऑक्टोबर २०१८ पासून अमेरिकेतील या तपासणीत तिची जागा रक्तचाचणीने घेतली असून, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. दोन वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांना ती करावी लागते. ती सकारात्मक आली तर छातीचा एक्स-रे काढला जातो. केवळ रक्तचाचणी सकारात्मक आली म्हणून ग्रीन कार्ड नाकारले जात नाही. अडसर ठरतो तो प्रत्यक्ष सक्रिय क्षयरोग. एचआयव्हीची बाधा पूर्वी प्रवेशबंदीचे कारण होती. ४ जानेवारी २०१० पासून ती त्या यादीत नाही.

लसीकरणाची अट १९९६ च्या कायद्याने आली आणि बहुतेकांची दमछाक येथेच होते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, पोलिओ, कावीळ-बी अशा लशी वयानुसार तपासल्या जातात. महापालिकेच्या दवाखान्यातील पिवळे पडलेले कार्ड घरी सापडले तर उत्तमच. त्यावरील मजकूर मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. आईने फोनवरून सांगितलेल्या तारखा मात्र चालत नाहीत, लेखी नोंद लागते. कार्ड हरवलेच असेल तर गोवर, कांजिण्या, कावीळ-बी यांसारख्या आजारांबाबत रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करता येते, किंवा सरळ लस पुन्हा घेता येते. अनेक मात्रांची लस एकाच भेटीत पूर्ण होणे शक्य नसते. त्या वेळी देता येईल ती मात्रा घेतली की डॉक्टर उर्वरितांसाठी तशी नोंद करतात. गर्भवतींना गोवर व कांजिण्यांच्या लशी दिल्या जात नाहीत, त्याचीही नोंद अर्जात होते. कोविडची लस १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची होती. जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती मागे घेण्यात आली.

खरा घोळ आहे तो अहवालाच्या मुदतीचा. एके काळी डॉक्टरांच्या सहीनंतर ६० दिवसांत अर्ज दाखल करावा लागे आणि अहवाल सहीपासून दोन वर्षे चाले. ऑक्टोबर २०२० मध्ये नोकरीच्या गटातील तारखा एकदम पुढे सरकल्या आणि भारतीयांचे अर्ज मोठ्या संख्येने दाखल झाले. निर्णय रेंगाळले आणि अनेकांचे अहवाल फायलीतच कालबाह्य होऊ लागले. विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये दोन वर्षांची मुदत सप्टेंबरअखेरपर्यंतच्या निर्णयांपुरती चार वर्षे केली. तरीही त्या आर्थिक वर्षात नोकरीच्या गटातील सुमारे ६६ हजार व्हिसा वापराविना राहिले. साठ दिवसांची अट मार्च २०२३ मध्ये कायमची रद्द झाली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २०२३ नंतर सही झालेल्या अहवालांना मुदतच नाही, असे जाहीर झाले. ही सवलत जेमतेम वर्षभर टिकली. ११ जून २०२५ पासून अहवाल ज्या अर्जासोबत दिला, तो अर्ज प्रलंबित असेपर्यंतच ग्राह्य धरला जातो. अर्ज फेटाळला गेला किंवा मागे घेतला, तर नव्या अर्जासाठी तपासणी नव्याने आणि खर्चही नव्याने.

अहवाल नंतर पाठवू, ही पळवाटही आता उरलेली नाही. २ डिसेंबर २०२४ पासून तो ‘आय-४८५’ या मुख्य अर्जासोबतच जोडावा लागतो. अन्यथा अर्ज परत येऊ शकतो. म्हणून लिफाफा बंद होण्यापूर्वीच डॉक्टरांकडून स्वतःसाठी एक प्रत मागून घ्यावी. नावाचे स्पेलिंग व जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे आहे का, फॉर्मची चालू आवृत्ती वापरली आहे का आणि सही-तारीख राहिली तर नाही ना, हे तेथेच पाहावे. घरी आल्यावर तपासण्यासारखे काही उरत नाही.

मुलाच्या किंवा मुलीच्या अर्जावरून भारतातून जाणाऱ्या आई-वडिलांची वाट वेगळी आहे. त्यांना हा फॉर्म लागत नाही. अमेरिकी वकिलातीने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच मुलाखतीपूर्वी तपासणी करावी लागते. भारतात पंधरा वर्षांवरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढला जातो. त्यात क्षयाचा संशय दिसला, अगदी जुन्या बऱ्या झालेल्या आजाराचा व्रण असला तरी, तीन दिवस थुंकीचे नमुने घेतले जातात आणि त्यांच्या कल्चरचा निकाल येण्यास आठ आठवडे लागू शकतात. तोवर व्हिसा अडून राहतो. सर्व सुरळीत झाले तरी तपासणी साधारणपणे सहा महिनेच ग्राह्य असते आणि व्हिसाची मुदत तिच्यापलीकडे जात नाही. विमानाचे तिकीट त्या हिशेबाने, व्हिसा हाती पडल्यावरच काढावे लागते.