बारा किलो साल, अर्धा ग्रॅम औषध

२१ ऑगस्ट १९६२. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचॉट वनात आर्थर बार्कले हे वनस्पतिशास्त्रज्ञ ‘पॅसिफिक यू’ या वृक्षाची साल पोत्यांत भरत होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेला वनस्पतींत औषध शोधायचे होते. लाकूडतोड्यांच्या लेखी मात्र हे झाड म्हणजे निव्वळ अडगळ. मोठे वृक्ष तोडून झाले की ते जाळून टाकले जाई.

यू विषारी, हे युरोपला पुरातन काळापासून ठाऊक होते. एबुरोनेस टोळीचा राजा कातुवोल्कस याने यूच्या विषाने प्राण दिल्याची नोंद ज्युलियस सीझरनेच करून ठेवली आहे. याच्या पानांचा काढा हृदय बंद पाडू शकतो. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असे मानणाऱ्यांनी या राजाचे स्मरण ठेवावे.

विषातून औषध वेगळे काढले नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. बारा किलो सालीतून हाती लागला जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ : टॅक्सॉल. त्याची रेणुरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे बराच काळ त्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. पदार्थ दुर्मीळ, शिवाय पाण्यात विरघळेना.

१९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी त्याचे कार्य उलगडले. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नलिका उभ्या राहतात आणि काम होताच मोडतात. टॅक्सॉल त्या मोडूच देत नाही. पेशी विभाजनाच्या मध्यावरच अडकून मरते. विरघळण्याची अडचण एरंडेलापासून केलेल्या द्रावकाने सुटली, पण त्याने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होई. म्हणून आधी स्टेरॉइड देऊन औषध संथपणे शिरेतून सोडण्याची पद्धत आली.

१९९२ मध्ये अंडाशयाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. पण साल सोलली की वृक्ष मरतो, आणि एका स्त्रीच्या उपचारासाठी अनेक वृक्ष लागत. रुग्ण वाचवावा की अरण्य, असा वादच उभा राहिला. फ्रान्सच्या पिएर पोतिए यांना युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा जवळचा रेणू सापडला. फ्लोरिडातील रॉबर्ट हॉल्टन यांनी त्यापासून टॅक्सॉल घडवण्याची किफायतशीर रीत बसवली. पाने पुन्हा फुटतात, झाड जगते.

हिमालयातील यूचे नशीब इतके बरे नव्हते. पाने आणि साल यांसाठी त्याची बेसुमार तोड झाली. १९९५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.