इंदापुरची प्रतबंदी

इंदापुर म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकास मालोजीराजे भोसल्यांचें स्मरण होतें, आणि बारामती म्हटली कीं मोरोपंतांचें व त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांचें. हें योग्यच आहे. परंतु या मुलखांत आणखी एक गोष्ट घडली. तींत तलवार नाहीं, आर्या नाहीं, म्हणून तिकडे अभ्यासकांचें लक्ष कमी गेलें. इ. स. १८३५-३६ मध्यें इंदापुर तालुक्यांत जमिनीची जी मोजणी व प्रतबंदी झाली, तीच पुढें सर्व मुंबई इलाख्याची पद्धति ठरली. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या तोंडीं जो ‘सर्व्हे नंबर’ बसला आहे, त्याचें मूळ शोधीत गेल्यास आपण इंदापुरास येऊन पोहोंचतों. कोणती जमीन कशाच्या लायक, हें सरकारनें एकदां ठरविलें म्हणजे त्या ठरावाची पुढें काय गति होते, हें पाहण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तें वाचकांपुढें मांडण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

उपयोगावरून भूमीचे विभाग पाडणें ही इंग्रजांची कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘भूमिच्छिद्रविधान’ या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. जेथें नांगर चालत नाहीं ती जमीन गुरांच्या चराईस, तपोवनास, मृगवनास कशी लावून द्यावी याचा विचार तेथें केलेला आढळतो. आमच्या गांवगाड्यांत हाच भेद काळी व पांढरी या दोन शब्दांत सामावला होता. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. आणि दोहोंच्या कडेनें गायरान, कुरण, स्मशान. काळींतहि मिरासदाराची जमीन निराळी, उपऱ्याची निराळी. माप बिघ्याचें व एकशेंवीस बिघ्यांच्या चाहुराचें. पण पुष्कळ ठिकाणीं हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरीत व भारी जमिनीचा लहान. नव्या अंमलदारांस हा गोंधळ वाटला. आमच्या मतें ती एक प्रकारची प्रतबंदीच होती. फक्त ती कागदावर नसून मापांतच मुरलेली होती.

पेशवाई गेल्यावर कांहीं वर्षांनीं मोजणीचें काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आलें. हा गृहस्थ हेलीबरीच्या विद्यालयांत शिकलेला. तेथें अर्थशास्त्राचे अध्यापक माल्थस हे होते. एकंदर उत्पन्नांतून मशागतीचा खर्च वजा करावा, उरेल तें निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, हें त्याचें सूत्र. सूत्र म्हणून तें निर्दोष आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत आलें असतें तर आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले असते. पण निव्वळ उत्पन्न डोळ्यांस दिसत नाहीं. बी किती, वैरण किती, गड्यांची मजुरी किती, हें विचारूनच तें काढावें लागतें. विचारणारे कारकून व सांगणारे गांवकरी या दोघांच्याहि हातीं उत्तर फिरविण्याची सोय राहिली, आणि ती सोय वापरली गेली. इ. स. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले. त्यांतच धान्याचे भाव उतरलेले. शेतें पडीक पडूं लागलीं, कित्येक कुटुंबें निजामाच्या मुलखांत निघून गेलीं, आणि थोडक्याच वर्षांत ही पद्धति सोडून द्यावी लागली.

इ. स. १८३५ मध्यें असिस्टंट कलेक्टर हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड व इंजिनियर दलाचे लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनीं इंदापुरापासून काम पुन्हा आरंभिलें. प्रिंगलची मोजणी जेथें बरोबर होती तेथें ती त्यांनीं ठेविली. निव्वळ उत्पन्नाचा प्रश्न मात्र अजीबात सोडला. काळी, तांबडी व बरड असे मातीचे तीन वर्ग, आणि प्रत्येक वर्गांत तीन प्रती, मिळून नऊ. या रीतीचें पूर्ण झालेलें रूप १८४७ च्या संयुक्त अहवालांत दिसतें. शेताचा नकाशा काढून त्यावर सारखे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनांत खणून मातीची खोली पाहावयाची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची, एकजात काळी माती असली कीं ती सोळा आणे. खोली पाव-पाव हातानें कमी होईल तशी प्रत उतरावयाची, ती थेट दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार, ओल न धरणें, ओघळानें वाहून जाणें, पाणी सांचून राहणें, असा एकेक दोष आढळला कीं चौकोनांत एक खूण, आणि खुणेगणिक एक प्रत खालीं. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याच्या हिशेबानें प्लॉट घेणाऱ्या आजच्या गिऱ्हाइकास आपण विंगेटच्या साखळीनें जागा मोजीत आहों हें क्वचितच ठाऊक असतें.

दर तीस वर्षांसाठीं कायम झाले. मुदतींत कोणी विहीर पाडली तरी तिच्यामुळें सारा वाढावयाचा नाहीं. नको असलेला नंबर वर्षअखेर सोडून देण्याची मोकळीक. पडीक जमीन पुन्हा नांगराखालीं आली. या कामाचें श्रेय आम्ही मोकळेपणानें देतों. ज्यानें मातींत पहार घालून पाहिली, त्याचा निर्णय सूत्रावरून निर्णय करणाऱ्यापेक्षां टिकला.

मुदत संपली १८६६ मध्यें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे व त्याबरोबर इतर जिनसांचे भाव चढलेले होते, त्या तेजींत कर्नल फ्रान्सिस यांनीं फेरआकारणी केली व सारा पुष्कळ वाढला. तेजी गेली, सारा राहिला. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुपें येथें सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं गेलीं. हें सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामतींत आहे. त्या दंग्यांत सारावाढीचा वांटा किती व सावकारीचा किती, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं.

आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो निराळा प्रश्न. प्रतबंदीच्या कारकुनानें जी खोली मोजली, ती कशासाठीं मोजली? वर्षाकांठीं सुमारें वीस इंच पाऊस पडणाऱ्या या मुलखांत ती जिराईत ज्वारीसाठीं मोजली. खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते व शाळू पिकविते, म्हणून ती सोळा आणे. मुरमावरची उथळ जमीन आठ दिवसांत कोरडी पडते, म्हणून ती चार आणे. त्या कामापुरता हा न्याय बिनचूक होता. पण १८७६ च्या दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें खोदकाम सुरू झालें, आणि १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेलें पाणी बारामती व इंदापुर तालुक्यांत खेळूं लागलें. पाण्यामागून ऊंस आला. मग जें झालें तें कोणाच्याच नकाशावर नव्हतें. भारी काळ्या जमिनींत पाणी शिरे तें निघून जाईना. खालची पाण्याची पातळी वर वर आली, तिजबरोबर क्षारहि वर आले, आणि सोळा आण्यांच्या शेतांवर पांढरट पापुद्रा धरूं लागला. कुणब्यानें त्या जमिनीस ‘चोपण’ म्हटलें. हॅरल्ड मॅन व तम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर इ. स. १९१० मध्यें स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली, यावरून हें अरिष्ट किती पसरलें होतें तें दिसेल. उलट मध्यम खोलीच्या, खालीं मुरूम असलेल्या जमिनींतून जादा पाणी आपोआप झिरपून जाई. उंसानें तेथें बाळसें धरलें. पाणी सांचून राहणें हा दोष गोल्डस्मिड-विंगेटांच्या यादींत होता. पण तो पावसाचें पाणी पाहून लिहिला होता, कालव्याचें पाहून नव्हे. ज्या खोलीस एका पिढीनें सोळा आणे गुण दिले, तीच खोली पुढच्या पिढीस चर खणून उपसावी लागली.

हाच फेरा गांवाच्या कडेला आणखी एकदां फिरला. बारामती व इंदापुर या दोन्ही ठिकाणीं १८६५ मध्यें म्युनिसिपालिट्या झाल्या. १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यानें शेतीची जमीन दुसऱ्या कामीं लावण्यास कलेक्टरची परवानगी लागूं लागली, आणि ‘बिनशेती’ हा शब्द रूढ झाला. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या भिंतीस तडे जातात. मुरमाच्या माळावर पाया पक्का बसतो. त्यामुळें घर बांधावयाच्या दृष्टीनें सर्वांत चांगली जमीन तीच ठरली, जी प्रतबंदींत सर्वांत खालीं होती. वडिलोपार्जित भारी जमीन थोरल्याकडे व माळाचा तुकडा धाकट्याकडे अशी वांटणी झालेल्या घरांत धाकटी पाती कशी वर आली, हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांच्या घरींच पाहिलें आहे. आणि थोरल्याच्या मनांतली सलहि पाहिली आहे. वांटणी करणाऱ्या वृद्धानें पक्षपात केला नव्हता. तो प्रतीवर विसंबला.

इ. स. १९६६ मध्यें जमीनमहसुलाची नवी संहिता व प्रादेशिक आणि नगररचनेचा कायदा, असे दोन कायदे महाराष्ट्रांत झाले. तेव्हांपासून नगरपालिकेच्या विकास आराखड्यांत रहिवास, व्यापार, शेती, आरक्षण असे पट्टे रंगानें दाखविले जाऊं लागले. इ. स. २०१७ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आंतील जी जमीन आराखड्यांत रहिवासासारख्या बिनशेती उपयोगासाठीं दाखविली असेल, ती त्या उपयोगाकडे वळलेलीच मानावी. आतां ही गांवठाणाची हद्द म्हणजे काय? पुष्कळ खेड्यांत ती जुन्या मोजणीदारानें काळी व पांढरी यांच्या मधून ओढलेलीच रेघ आहे. मध्यंतरीं एका परिचिताचा सात-बाराचा उतारा आमच्या पाहण्यांत आला. त्यांत ‘पोटखराबा’ या जुन्या सदराखालीं, लागवडीस निरुपयोगी म्हणून, कांहीं गुंठे दाखल होते. आम्ही त्यांच्यासह ती जागा पाहावयास गेलों. त्या गुंठ्यांवर त्यांचें दोन मजली घर उभें होतें, आणि खालीं खताचें दुकान होतें.